मुरत नाही

हॉटनमधला माझा पहिला हिवाळा.
बर्फ फेकायच्या यंत्राची दोरी ओढून ओढून
खांदा निखळायची वेळ आली,
तरी ते साधं खोकलंसुद्धा नाही.

कुंपणापलीकडून इल्मा हेक्किनेन बघत होती.
वय एक्याऐंशी, नवऱ्याचा कोट, बाह्या दुमडलेल्या.
आली, टाकीचं झाकण फिरवलं, आत नाक नेलं.
"हे केव्हाचं?"

केव्हाचं म्हणजे?
घराबरोबर मिळालं. जुन्या मालकाचं असेल.
पेट्रोलला काय तारीख असते?

आमच्या संगमनेरात बाबांची एम-एटी
अर्ध्या लिटरवर जगायची.
महिनाअखेरीला तिला एका अंगावर कलती करून
तळाचे थेंब इंजिनाकडे वळवायचे,
आणि मग पंपापर्यंत कोणी बोलायचं नाही.
शिळं व्हायला आधी उरावं लागतं.
आमच्याकडे ते कधी उरलंच नाही.

इल्मा म्हणाली, हुंग.
हुंगलं. जुन्या कपाटाच्या वार्निशसारखा वास,
आंबूस, घशाशी बसणारा.
लोणचं मुरतं, मी मनात म्हटलं, हे नुसतं विटतं.

मग सगळा हिवाळा तिच्या गॅरेजात माझी शाळा.
लाल कॅन पेट्रोलचा, पिवळा डिझेलचा, निळा रॉकेलचा,
आणि अंधारात चाचपडत रंग ओळखू नयेत.
महागडं पेट्रोल म्हणजे गवत कापायच्या यंत्राला तूप नव्हे,
ते ज्याला लागतं त्यालाच लागतं.
मक्याचं अल्कोहोल हवेतलं पाणी पितं,
म्हणून छोट्या इंजिनांसाठी
बोटींच्या धक्क्यावरचा तो एकच पंप,
चार पैसे जास्त गेले तरी.
कॅन ट्रकमध्ये ठेवून भरायचा नाही, जमिनीवर उतरवायचा.
तळघरात तर नाहीच नाही, तिथे बॉयलरची ज्योत जागी असते.
करवतीला पन्नासाला एक तेल. अंदाजपंचे नको, मोजून.
आणि टिकायचं औषध घालायचं ते ताज्यात.
शिळ्यात घालणं म्हणजे मेल्यावर डॉक्टर.

प्रत्येक कॅनवर कागदी चिकटपट्टी, पट्टीवर तारीख.
माझे आकडे देवनागरी बघून ती हसली.
"तुला कळलं म्हणजे झालं."

मे महिन्यात बर्फ एकदाचा वितळला
तेव्हा तिच्या शेडच्या कोपऱ्यात आणखी एक कॅन दिसला.
पट्टीवर तिरकं, घाईचं अक्षर: १४ ऑक्टोबर.
साल नव्हतं.
मी विचारलं नाही. ती म्हणाली, "सहा वर्षं."
माझ्या टाकीतलं तिनं एका वासात ओळखलं होतं.

शनिवारी काउंटीचा माणूस टाकाऊ रसायनं घेतो.
मी गाडी चालवली, काचा चारही खाली.
कॅन मागे, टॉवेलात गुंडाळून, दोरीने बांधलेला.
पुलावर ती म्हणाली, रायमोला
साल लिहायचा कंटाळा.
म्हणायचा, एवढं टिकतंय कुठे.

हातमोजेवाल्याने पिंपात ओतलं.
कोऱ्या चहासारखं. तळाशी गाळ.
मग कॅनही ढिगावर फेकायला उचलला,
तशी इल्मा पुढे झाली.
"कॅन चांगला आहे."
"बाई, नवा वीस डॉलरला मिळतो."
"ठाऊक आहे."

येताना धक्क्यावर थांबलो.
तिने कॅन खाली ठेवला, काँक्रीटवर, टेकून बसल्यासारखी वाकली,
नळी आत, हळूहळू.
गळ्याच्या खाली चार बोटं राहिल्यावर बंद.
उन्हात फुगतं, तिने पुन्हा सांगितलं,
जणू मी पहिल्यांदाच ऐकत होते.

पट्टीचा रोल माझ्या खिशात होता.
जुनी काढायला मी नख लावलं,
तिने माझं मनगट धरलं.
म्हणून नवी शेजारी लावली.
आजची तारीख. या खेपेला सालासकट.

हाताला दिवसभर वास येत राहिला.
संध्याकाळी तिच्या अंगणात यंत्र चालू झालं,
पहिल्याच झटक्याला.
गवत अजून बोटभरही नव्हतं.